कॉम्प्युटरात पडलेला पाऊस

मग काय हो भाऊ, तुमच्या यंत्राच्या हिशेबानं आमच्या लिंबारवाडीत यंदा किती पाऊस पडला? — सांगा की, लाजताय कशाला, पडद्यावर दिसतोय ना आकडा. सव्वीसशे मिलिमीटर. बघा. आणि मी येडी आज पहाटे खर्ड्यापर्यंत चालत आले एसटी धरायला, तर पायाला चिखल सोडा, नुसता फुफाटा — तो बघूनच बाहेरच्या शिपायानं चपला काढायला लावल्या मला. नाही, राग नाही. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणे. गार हवा लागते, दार सारखं उघडायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. आमच्या गावात एवढं जपून फक्त बाळंतिणीला ठेवतात.

मी सरपंच. होय, मीच. बायकांची राखीव जागा निघाली, त्यात आले. आजवर ह्या कलेक्टर कचेरीत आमचे हे यायचे, मी सहीपुरती. मागल्या आठवड्यात हे आले, तर टँकरचं टेबल सांभाळणाऱ्या तुमच्या भाऊसाहेबांनी यादी पुढं केली — लिंबारवाडीत पाऊस सरासरीच्या वर, टँकर बंद. आणि हे गावात येऊन सगळ्यांना सांगतात, कॉम्प्युटरनं काढलंय, त्यात चूक कशी असेल. समोर विहीर ठणठणीत कोरडी, ऑगस्ट अर्धा गेला, आणि विहिरीच्या कडेला उभं राहून म्हणायचं, चूक कशी असेल. आमची झुंबरबाई फटकळ आहे, ती म्हणाली, "सरपंचीनबाई, मग कुठं हाय तो कॉम्पुटर? त्यातच हंडा बुडवून आनते." म्हणून आज आले. ह्यांना माहीत नाही — बहिणीकडं जाते म्हणून निघाले. हे बाहेर बोलू नका.

काय झालं म्हणालात नक्की? हळू सांगा, दहावीपर्यंत शिकलेय, कळेल. — हां. म्हणजे गावांची नावं एका तक्त्यात, पाऊस दुसऱ्या तक्त्यात, आणि दोघांची गाठ नुसती ओळीवर — पहिल्या नावाला पहिला पाऊस, दुसऱ्याला दुसरा. बरं. आणि साहेबांच्या मिटिंगला यादी बाराखडीनं पाहिजे होती, तर कुणीतरी नुसती नावंच बाराखडीनं लावली. पाऊस राहिला जुन्या जागी. म्हणजे वर्गातली पोरं उठवून नव्यानं बसवली आणि दप्तरं तशीच जुन्या बाकांवर, असंच ना? आमच्या वाट्याला भंडारदऱ्याकडच्या कुठल्या तरी गावाचं दप्तर आलं, तेही भिजलेलं. आणि काम अर्ध्यात असताना लाईट गेली, नावांचा तक्ता मधेच तुटला, म्हणून आता उलटही फिरवता येईना. वा. म्हणजे देवानं जे केलं नाही ते तुमच्या लोकांनी एका दुपारी केलं.

आणि ज्यांचं दप्तर आम्हाला आलं, त्यांना टँकर. तुम्ही हसताय, पण खरं आहे. आमचा टँकरवाला गोरक्षनाथ, त्याला धाडलंय अकोले तालुक्यात. त्यानं तिथून किराणा दुकानात फोन केला — "काकू, हितं डोंगरावरून पानी धो धो खाली येतंय, लोकं छत्र्या घिऊन टँकर बघायला जमल्यात. उतरवू कुठं?" मी म्हटलं, उतरव बाबा कुठंही, सरकारी पाणी आहे, वाया जाता कामा नये.

थांबा, तो ग्लास — अर्धाच प्यायलात — कुंडीत ओतू नका. द्या इकडं, बाटलीत घेते. अहो, उष्टं काय त्यात, परतीच्या गाडीत लागेल. — बघताय काय असं? सवय झालीय हाताला, दुसरं काही नाही. — घरी? घरी आम्ही दोघं आणि मुलगा महेंद्र. सून आहे ना, प्रज्ञा. माहेरी आहे, सोनईला. तिकडं कॅनॉल आहे, दारात पाणी. बाळंतपणाला गेली ती — मुलगी झाली, आता चार महिन्यांची होईल. सव्वा महिन्यानं आणायची असते, तेव्हा ऊन फार, म्हणून थांबलो. मग बुद्धविहाराजवळच्या विहिरीत टँकर पडायला लागला, आणायचा दिवस ठरवला, मी पाळण्याला नवी दोरी लावली. आणि तुमची बाराखडी निघाली. व्याही निरोप घेऊन आले, चहासुद्धा घेईनात — "विहीनबाई, लेक आमाला जड न्हाई. पन तान्ह्या लेकराची धुनी तुमी कुठल्या पान्यात धुनार?" चूक बोलले का ते? नाही बोलले. तेच तर.

पण मी गावासाठी आलेय हं. ते वेगळं आणि हे वेगळं. सबंध वाडीचा प्रश्न आहे, झुंबरबाईचा आहे, शाळेतल्या पोरांचा आहे — आणि खरं विचाराल तर — नाही विचारलंत तुम्ही. बरं केलंत.

ही चकती कसली, फ्लॉपी म्हणता ती? उन्हाळ्यातली यादी? मग तिच्यात नावं जुन्याच क्रमानं असणार — गावं काय, कुठं जातात, आहेत तिथंच आहेत. म्हणजे त्या नावांपुढं हा यंदाचा पाऊस लावला की ज्याचं दप्तर त्याला. भाऊसाहेबांच्या कपाटात होती? कपाटात होती आणि आठवडाभर कुणी उघडलं नाही कपाट. असू दे, चिडत नाही, चिडून तुमचं यंत्र बिघडलं तर तेही लिंबारवाडीवर यायचं. साहेब सही करून पाचला निघतात म्हणे, आजची यादी हुकली की पुढची पंधरा दिवसांनी. तुम्ही करा. मी बोलत नाही. — लाईट जात नाही ना एवढ्यात? — नाही, बोलत नाही.

…

आलं? वाचा ना, मला लांबून दिसत नाही. किती? अठ्ठावन्न? सव्वीसशेचे अठ्ठावन्न — हां, हे आमचं. ओळखलं मी, हे आमचंच. तो आषाढात दोन दिवस भुरभुरला, तेवढाच. बघा भाऊ, जन्मात पहिल्यांदा पाऊस पडला नाही म्हणून बरं वाटलं मला.

आता छापा ते आणि साहेबांकडं न्या. माझ्याकडं काय बघताय, डोळ्यात धूळ गेलीय. जा तुम्ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला. पहिला हंडा झुंबरबाईनं भरला, दुसरा मी भरून पाळण्याजवळ झाकून ठेवला, आणि महेंद्रला सोनईला धाडलं.