पहिला नंबर रिकामा आहे

आजच्या सभेच्या अध्यक्ष, आमच्या केंद्रप्रमुख आदरणीय मंजू मॅडम. व्यासपीठावरील सरपंच महोदय आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सन्माननीय सदस्य. ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो ते सत्कारमूर्ती देवमन भगत सर. त्यांच्या शेजारी, गळ्यात हार पडल्यापासून मान खाली घालून बसलेल्या आमच्या केशरकाकू. माझे सहकारी, कामरगावचे ग्रामस्थ आणि माझ्या विद्यार्थी मित्रांनो,

आधीच्या वक्त्यांनी सरांच्या गणिताबद्दल सांगितलं, शिस्तीबद्दल सांगितलं. ते सगळं खरंच आहे. पण मी अंजू राठोड, सरांसोबत कारंज्याहून रोज अपडाऊन करणारी. मला वर्गातल्या सरांपेक्षा काळीपिवळीतले सर जास्त माहीत. तेव्हा आज त्यांच्याबद्दलच बोलेन म्हणते.

गणेशभाऊची काळीपिवळी भरल्याशिवाय हलत नाही, हे इथे कुणाला सांगायला हवं? सकाळी आम्ही मास्तर लोक गाडीत बसलेलो, सरांची खिडकीची जागा ठरलेली, आणि गणेशभाऊ खाली उभा राहून ओरडणार, 'दोन सवाऱ्या येऊ द्या, मंग निंगतो!' त्या वेळात करायचं काय? तर सरांनी एक खेळ काढला होता. प्रत्येकानं आपल्या आवडीचे पाच पिक्चर सांगायचे. पाचच. नवा आत घ्यायचा असेल तर जुना एक बाहेर काढायचा. आणि अर्धा पाहून कोणत्याच पिक्चरला नावं ठेवायची नाहीत. कशासाठी काय काढलं, यावरून अशी भांडणं व्हायची की बाजारच्या बाया म्हणायच्या, 'गुरुजी, वावराची वाटणी चालू हाय काय?'

मी नवीन होते तेव्हा गप्प बसायचे. एक दिवस सर वळून म्हणाले, 'मॅडम, तुमचे पाच?' आता मी काय सांगू? आमचा तांडा पोहरादेवीजवळचा. आई-बाप ऊसतोडीला जायचे, आम्ही भावंडं त्यांच्या मागं. पिक्चर पाहिला तो जत्रेतच, तोही गर्दीत मान उंच करून. म्हटलं, 'सर, माझे तीनच होतात.' अनुप सर फस्सकन हसले. हसले होते ना अनुप सर? पण भगत सर म्हणाले, 'मंग तीन सांगा. यादी काही हजेरीपट नाही, भरालेच पाह्यजे म्हनून.' त्या दिवसापासून मी बोलायला लागले. स्टाफ मीटिंगमध्ये आज माझा जो आवाज चढतो, मुख्याध्यापक महोदय, त्याचा उगम या गाडीत आहे. तक्रार सरांकडे करावी.

तर सरांचा पहिला नंबर. पिक्चरचं नाव घेत नाही, सभागृहात त्याचे चाहते असतील. त्यात हिरोईन जरा तोंडाळ दाखवली आहे. शेवटी हिरो अख्ख्या गावासमोर तिला एक थप्पड लगावतो, ती शहाणी होते, आणि लगेच सनई वाजते. सर या पिक्चरसाठी जीव टाकायचे. लग्नानंतर काकूंना घेऊन पाहिलेला तो पहिलाच पिक्चर. मी एकदा म्हणून गेले, 'सर, हा पिक्चर पाचात काय, पन्नासातही बसत नाही.' मग काय विचारता! ती वादावादी आठवडाभर पुरली. सर कुणाला पुढं बोलू द्यायचे नाहीत. हा दोष आहेच त्यांच्यात, निरोपाचा दिवस आहे म्हणून झाकत नाही. शेवटी मी त्यांचाच नियम काढला. 'सर, एकदा परत पूर्ण पाहा, मग बोलू.'

पुढचं सांगायला मी काकूंची परवानगी घेतली आहे. सरांची घेतलेली नाही.

रविवारी सरांनी तो पिक्चर घरी टीव्हीवर लावला. काकूंना हौसेनं बाजूला बसवलं. सोमवारी गाडीत आले ते गप्पच. गणेशभाऊनंही विचारलं, 'गुरुजी, तब्येत बरी हाय ना?' कारंजा मागे पडल्यावर सर हळूच म्हणाले, 'थपडीच्या आंधीच उठून गेली ती. म्या इचारलं, काहून उठली? तं म्हने, मले तवाच नोता आवडला. मी म्हटलं, मंग इतके वर्सं बोलली काहून नाही? तं म्हने, तुमी इचारलं कवा?'

मला फार वाईट वाटलं, खरं सांगते. तीन पिक्चर पाहिलेल्या परक्या पोरीला ज्या माणसानं अगत्यानं विचारलं, त्याचं घरी विचारायचं राहून गेलं होतं. आणि हे आपल्यापैकी किती जणांचं राहिलं असेल? आवडीचं माणूस बाजूला बसलं होतं, म्हणून पिक्चर आपल्याला आवडतो. त्या माणसाला तो आवडला का, हे आपण गृहीतच धरतो.

सरांनी तो पिक्चर यादीतून काढला. त्या जागी दुसरा घातला नाही. तेव्हापासून त्यांचा पहिला नंबर रिकामा आहे. गाडीत कुणी विचारलं की म्हणतात, 'तिचा पह्यला कोनता ते समजू द्या, मंग पाहू.' आणि काकू काही सांगत नाहीत! रोज विचारतात सर, रोज. काकूंचं उत्तर मी स्वतः त्यांच्या स्वयंपाकघरात ऐकलंय. 'एका पायात चप्पल घालून इचारता तुमी. तिकडं गाडी हार्न मारून राह्यली. अशी गोठ घाईत सांगतात काय? रिटायर व्हा, मंग सांगीन.'

सर, आज तुम्ही रिटायर झालात.

शाल-श्रीफळ देऊन झालं. आता आम्हा अपडाऊनवाल्यांची भेट. येत्या रविवारी गणेशभाऊची गाडी तुमच्या दारात येईल आणि दोनच सवाऱ्या घेऊन अकोल्याच्या टॉकीजला जाईल. हो, दोनच! मागे दाराशी उभा आहे गणेशभाऊ, त्यालाच विचारा. त्याच्या जन्मात पहिल्यांदा गाडी रिकामी निघणार आहे. पिक्चर कोणता, ते काकू ठरवतील. सर, तुम्ही बाजूला गप बसायचं. सुटल्यावर विचारायचं, कसा वाटला? आणि काकूंचं बोलणं पुरं होईस्तोवर मधे तोंड घालायचं नाही.

मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांची आणि आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. घरातली गोष्ट मी चार लोकांत आणली, त्याबद्दल सरांनी खुशाल रागवावं. बोलण्याच्या भरात कमीजास्त झालं असेल, तर आपल्याच गावची पोर समजून पोटात घाला. इथेच थां...

काय काकू? माईक देऊ? नको म्हणतात. मलाच विचारून राहिल्या, 'गाडीत खिडकीपाशी कोन बसन?'

तुम्ही बसा काकू. सर सरकतील.