शुक्रवारच्या शोचा सायरन

—आणि शुक्रवारच्या शोमधून निधीला काढलं म्हणून मनाला लावून घेऊ नकोस, तनिषा. शाळेला ईमेल मीच केला. तोंडावर सांगते, माझं असंच असतं. घे ना, चकली घे. तुम्ही सुदानहून, त्या खार्टूमहून आत्ता कुठे आलात, तुला इथल्या पद्धती माहीत नसणार. कॉव्हेंट्रीत वॉर म्हणजे, कसं सांगू, एक कल्चर आहे. ऐंशी वर्षांपूर्वी, दुसऱ्या महायुद्धात इथे बॉम्ब पडले, शहर बेचिराख झालं, म्हणून इयर सिक्सची मुलं दरवर्षी त्या वेळी खेडोपाडी पाठवलेली मुलं होतात — टोपी, कोट, गळ्यात नावाचं लेबल. आमच्या अनयचं लेबल मी चहात बुडवून ठेवलं, जुनं दिसावं म्हणून. तीनदा! आणि तुझी निधी कशी आली? लेबलच नाही. दंडावर मार्करनं नाव, बाबांचा फोन नंबर आणि ब्लडग्रुप! ब्लडग्रुप कोण लिहितं गं? मिस विचारत होत्या, ही कुठली थीम?

बरं, तेही सोड. रिहर्सलला मिसनी लॅपटॉपवर सायरन लावला. सगळी मुलं टेबलाखाली, हसतायत, गाणं म्हणतायत, किती गोड! आणि निधीनं माझ्या अनयला हाताला धरून ओढत नेलं ते थेट स्टोअररूममध्ये — का, तर तिथे खिडकी नाही. तोंड उघडं ठेव, कान दाब, म्हणाली. चाळीस मिनिटं शोधत होते दोघांना. मिस रडल्या. अनयची दोन वाक्यं होती शोमध्ये, तीही विसरला तो. मग ईमेल नको करायला? मी अगदी पोलाइटली लिहिलं, की निधीला अजून वॉरची नीट समज नाही —

ऐकलंस? काही नाही गं, बिनलॉरी आली. दर मंगळवारी येते, डबे आपटतात मेले. अनय! अरे, कचऱ्याची गाडी आहे! …गेला. वरच्या बाथरूममध्ये. त्यालाही खिडकी नाही ना. आठवडा झाला, दार आपटलं की हेच. काल याच्या बाबांनी प्रेशर कुकर लावला तर दीड तास आत. मी दाराबाहेर बसून पुढ्यात आयपॅड सरकवते, चॉकलेट सरकवते. तो म्हणतो, निधीनं सांगितलंय, लवकर बाहेर यायचं नाही. तिची तिथली शेजारीण, तिच्याच वर्गातली, लवकर बाहेर आली होती म्हणे. मांजर आणायला.

मी मिसना म्हटलं, मुलं काहीही फेकतात. लक्ष वेधून घ्यायला. हो ना? नव्या शाळेत असं होतंच. म्हणून तर आज तुला बोलावलं — चहाबिहा निमित्त गं, खरं सांगायचं तर. तू वर ये, दारापाशी उभी राहा आणि एवढंच सांग त्याला: अनय, निधीनं ती गोष्ट बनवून सांगितली, ती मुलगी मजेत आहे. बस. तुझं ऐकेल तो, तू निधीची आई आहेस. शोमध्ये घेतील हवं तर निधीला, मी बोलते मिसशी, अनयचं लेबल देते तिला.

चल ना. दोनच शब्द बोलायचेत, बनवून सांगितलं म्हणून.

बनवूनच सांगितलंय ना गं?

तनिषा?