देवराईचा कौल आणि मुंग्या

तुम्ही हसाल, पण देवाच्या दारात मी एकदा लबाडी केली. आमचं गाव आता पुणे शहरात आलं, तरी देवराईतली वाळकी काडीही कुणी चुलीला नेत नाही. तिथं निसर्ग आणि देऊळ दाखवायला सहली आणणाऱ्या ताईंना मात्र झाडं पाडून गाड्यांना रस्ता हवा होता.

गावकरी म्हणाले, "देवाला कौल लावू. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार."

मूर्तीला पाकळ्या चिकटवायचं काम माझं. डावी लगेच पडली. उजवीवर मुंग्या चढल्या.

ताई वाकून बघत म्हणाल्या, "अहो काका, उजवीला पाण्याऐवजी गूळ लावलात?"

"हो ताई. रस्ता मुंग्यांच्या वारुळावरून जाणार होता. त्यांनाही विचारायला नको?"