दह्यातली शेवंती

...आणि चित्रंच काढायची तर घाटकोपरात रंग मिळत नाहीत का हो? नाही, जंतूंनी काढायची म्हणे! कॉलेजचं प्रदर्शन ना! काचेच्या बशीत जेलीसारखं खाद्य ओतायचं, त्यावर जंतूंत बुडवलेली काडी फिरवायची, दिसत काहीच नाही, मग बशी उबेच्या कपाटात ठेवायची की जंतू वाढतात आणि चित्र आपोआप वर येतं... जंतूंना काय कळतं हो?

आता हा गुणाजी. लॅबचा अटेंडंट, मूळचा मालवणचा. काम संपलेले जंतू वाफेच्या मशीनमध्ये, म्हणजे ऑटोक्लेव्हमध्ये घालून मारायचे, हीच अठ्ठावीस वर्षांची नोकरी. बायको शेवंती गेल्या वर्षी कॅन्सरने गेली. पण तिच्या हातचं विरजण यानं मोडू दिलं नाही, तुम्हाला सांगतो, रोज कालच्या दह्यातून आजचं! एमएस्सीच्या जान्हवीला हे कळलं मात्र, पोरगी उड्याच मारायला लागली, "काका, त्या दह्यातल्या जंतूंनीच काकूंचा चेहरा काढू या ना!" यानं फोटो दिला तोही शेवटचा, केमोनं सगळे केस गेलेले.

तिसऱ्या दिवशी कपाट उघडलं... शेवंती! पांढरी, ठिपक्याठिपक्यांची, उघड्या डोक्याची. चौथ्या दिवशी ठिपके पसरले आणि मिटलेले ओठ विलग झाले. "काका, वाढतात ते, बाकी काही नाही." हो ना! जंतूंना काय कळतं?

पाचव्या दिवशी गुणाजीच्या हातून बशी पडता पडता राहिली. डोक्यावर काळंभोर, मऊ, बारीक काहीतरी उगवलेलं. बरोब्बर डोक्यावर! गालावर नाही, कपाळावर नाही, एक कण नाही! "अगो, केस इले तुझे!" भरदुपारी, अख्ख्या लॅबसमोर हा बशीशी बोलतोय!... जंतूंना काय कळतं म्हणा, पण बाकीच्यांच्या अंगावर काटा आला ना!

लॅबच्या प्रमुख नॅन्सी मॅडम धावत आल्या. "गुणाजी, झाकण लावा! काळी बुरशी आहे ती, हवेतून पडलीय. सगळ्यांची चित्रं खाऊन टाकेल. ऑटोक्लेव्हला टाका."

"उद्या प्रदर्शन झाल्यावर, मॅडम?"

"आत्ता."

बरोबरच होतं त्यांचं. आणि टाकणार कोण? हाच की! बशी दोन्ही हातांनी नेली, मशीनमध्ये अलगद ठेवली. जान्हवी रडली, हा नाही. नियम पंधरा मिनिटांचा. यानं तीस लावली.

"अहो, तीस कशाला?"

"असू दे, मॅडम," गुणाजी म्हणाला, "इतक्या दिवसांनी केस आलेत. विंचरायला तिला अर्धा तास लागतोच."