हापशाबद्दल विचारलं होतं

...आणि वरून मलाच म्हणतात, तुम्हाला विचारलं नव्हतं का? विचारलं होतं ना बाबा! तुम्हाला सांगतो, विचारलं नाही असं म्हणायला जागाच ठेवली नाही वॉर्ड ऑफिसनं. नोटीस डकवली, रिक्षा फिरवली, भोंग्यावर बाई बोलली, 'नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना मांडाव्यात'... आणि मी सांडू, तालुक्याच्या कचेरीत बत्तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस, असं काही ऐकलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं.

विषय काय, तर आमच्या गल्लीच्या तोंडाशी हापसा आहे, म्हणजे होता, तो काढून तिथं सेल्फी पॉइंट करायचा. लाल बदाम, त्यात दिवे, त्यात उभं राहायचं अन् हसायचं. आता आमच्याकडं नळ येतो आठव्या दिवशी, मधल्या दिवसांत ज्याच्याकडं टाकी त्याचं भागतं, आणि ज्याच्याकडं नाही... समोर द्वारकाबाई राहतात, एकट्या, सत्तरीच्या, पत्र्याची खोली, एक रांजण अन् दोन घागरी. त्यांना हापशाशिवाय दुसरं काय आहे? 

सभा कधी ठेवली? मंगळवारी अकराला. आणि नळ कधी आला? त्याच मंगळवारी, साडेदहाला! मी घरोघर फिरलो, चला, चला म्हणालो. शेजारचे फारूखभाई पायप जोडत होते, वर न बघता म्हणाले, "सांडूसाब, मीटिंग तो फिर होयेंगी, ये नल गया तो आठ दिन नै आता." काय चुकीचं बोलले? द्वारकाबाई त्यांच्याच नळाखाली घागर लावून बसलेल्या, म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही चाललात ना, मंग माझं बी सांगा तिथं. हापसा नेऊ नका म्हणावं." मी म्हटलं, मावशी, निर्धास्त राहा. मीच म्हटलं हे, या तोंडानं.

समाजमंदिरात पोचलो तर पन्नास खुर्च्या, एक पंखा, वॉर्ड ऑफिसच्या मोनिका मॅडम, एक फोटोवाला अन् मी. मॅडम घड्याळ बघून म्हणतात, "काका, पंचवीस सह्या झाल्याशिवाय सभा सुरू नाही करता येत हो. मग हरकत तरी कुठं नोंदवणार?" आता सांगा, माणसानं काय करावं? हजेरीचा कागद पुढ्यात, पेन हातात, बत्तीस वर्षांची सवय... म्हटलं, मंडळी पाण्याला अडकलीत, येतच आहेत, आणि गल्लीतल्या सत्तावीस घरांच्या सत्तावीस सह्या ठोकून मोकळा झालो. काही तिरप्या, काही डाव्या हातानं, फारूखभाईंची तर अशी झोकदार केली की त्यांना स्वतःला जमायची नाही. मॅडम खूश. सभा सुरू, प्रास्ताविक सुरू, लिहून आणलेला अर्ज माझ्या खिशात, हरकती पुकारल्या की उठायचं...

आणि फोन वाजला. सुलेखा, आमची मंडळी. "अहो, मोटर नुसती गुरगुर करतीय, पाणीच उचलत नाय, नळ जाईल, या लवकर!" तुम्ही काय केलं असतं? आठ दिवसांचा प्रश्न हो! मॅडमना खुणेनं सांगितलं, पाच मिनिटांत आलो, आणि पळालो. मोटरीत हवा धरलेली, ती काढली, टाकी भरायला लावली, खिशातला अर्ज चिंब, तसाच वीस मिनिटांत परत येतो तर समाजमंदिराला कुलूप.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो, तर मॅडमनी उठून खुर्ची दिली मला. "काका, सत्तावीसपैकी सत्तावीस घरं हजर आणि एकाचीही हरकत नाही! सर्वानुमते मंजूर. तुमची गल्ली आदर्श म्हणून वर कळवलीय आम्ही." काय बोलू? सह्या खोट्या आहेत म्हणू? म्हणजे आधी हापसा जाणार, मागोमाग माझी पेन्शन. चहा दिला त्यांनी, तो प्यालो अन् घरी आलो. भित्रा आहे मी, खरं सांगतो, लाज वाटते. पण विचारलं नाही, असं कोणत्या तोंडानं म्हणणार?

शुक्रवारी हापसा उपटला. आठवड्यात बदाम उभा राहिला. पोरं-पोरी येऊन फोटो काढून गेली, चांगला दिसतो, नाही म्हणत नाही. मग एके दिवशी सकाळी द्वारकाबाई रिकामी घागर घेऊन त्या बदामापाशी उभ्या. मला बघून म्हणाल्या, "भाऊ, समद्यांला इचारलं म्हणतेत. मला तर कोणी इचारलं नाय."

कशी बुद्धी फिरली कोण जाणे, मी बोलून गेलो, "मावशी, कागदावर तुमची सही आहे."

 "सही? मी तर अंगठा लावते, भाऊ."

एवढंच म्हणाल्या. घागर उचलली अन् गेल्या. मी तिथंच, त्या लाल बदामात...

तेव्हापासून रोज सकाळी माझ्या टाकीतल्या दोन घागरी त्यांच्या दारात नेऊन ठेवतो. कंबर धरते, पण ठेवतो. सुलेखाला सह्यांचं अजून माहीत नाही. ती रोज विचारते, आपल्यालाच पुरत नाय, अन् हे रोज दोन घागरी द्यायचं कोणी ठरवलं? काय सांगू तिला... म्हणतो, सभेत ठरलंय. सर्वानुमते.