शाब्बास झालं की पुढची पाटी

परीक्षा वर्गातच घ्यावी, बाहेर नेऊ नये, हे मी पांडेसऱ्यात शिकले. माझ्या प्रौढ साक्षरता वर्गातल्या कमलमावशी तिथल्या कापडाच्या मिलमध्ये घड्या घालायच्या कामाला. म्हटलं, भिंतीवरच्या पाट्या वाचता येतात का बघू. मिलवाल्यांना विचारून त्यांना रंगखात्यात नेलं. तिकडे त्यांनी कधी पाऊल टाकलेलं नव्हतं.

दोन पाट्या त्यांनी भराभर वाचल्या. तिसरी हिंदीत होती, वाटेत आडव्या लावलेल्या साखळीला टांगलेली. तिच्यामागे उकळत्या रंगाचा उघडा हौद, पण वाफेत तो दिसतच नव्हता. मावशी बोट फिरवत एकेक अक्षर लावत होत्या. "खतरा. आगे... मत... जाओ."

"शाब्बास," मी म्हटलं.

मावशी खूश झाल्या आणि साखळी ओलांडून सरळ वाफेत शिरल्या. मी पदर धरून असा ओढला की दोघी खाली आपटलो.

"मावशी, आत्ता काय वाचलंत?"

"आगे मत जाओ."

"मग निघालात कुठे?"

त्यांनी वाफेच्या वर, पलीकडच्या भिंतीवर दिसणाऱ्या पाटीकडे बोट दाखवलं. "ती राहिली ना अजून. वर्गात तुम्हीच म्हणता, शाब्बास झालं की पुढची पाटी."