टोकन त्रेचाळीस

नाही, कॉफी नको, डॉन ओब्दुलिओ, खरंच नको — बरं, द्या अर्धा कप, पण उभ्यानंच घेते, अकराला मला पोन्सेला हॉस्पिटलात परत पोचायचंय. हो, हॉस्पिटलातूनच आले. म्हणजे त्यांनी पाठवलं असं नाही — मी यारेलिस, सान हुआनला हॉस्पिटलचा कारभार शिकते, उन्हाळ्याचे दोन महिने तुमच्या त्या पायाच्या दवाखान्यात उमेदवारी करतेय. गेल्या मंगळवारी तुम्ही तपासून न घेताच निघून आलात, आज आठ दिवस झाले, म्हणून म्हटलं विचारावं. पत्ता? फाइलमधून घेतला. तसा घ्यायचा नसतो, ठाऊक आहे मला. कुत्रा चावत नाही ना?

तर मंगळवारी झालं काय — तुम्ही पहाटे चारला आलात, दाराला कागद चिकटवलात, वर आपलं नाव लिहिलंत, मागून येणाऱ्यांनी खाली खाली लिहिली आणि सगळे आपापल्या गाडीत जाऊन डुलक्या काढत बसले. नेहमीसारखंच. आणि सातला बघताय तर कागद गायब. कुणीतरी काढला. कुणीतरी म्हणजे — आहे तिथं एक मुलगी, नवीन आहे, तिला कुठलं कळतंय — असं का बघताय? बरं, मीच. मीच फाडला. त्या दिवशी टोकनचं यंत्र सुरू होणार होतं, शेजारी ओर्सिनी मॅडम उभ्या, आमच्या संचालक, त्या म्हणाल्या, हे काय चिठोरं दारावर? आणि मी अतिशहाणी, ओढला आणि चुरगाळला. यादी म्हणजे काय हे मला कळत नव्हतं असं नाही हो. लहानपणी डोळ्यांच्या डॉक्टरकडे आजीचं नाव मीच लिहायचे, माझं अक्षर चांगलं म्हणून. सगळं कळत होतं. मॅडमना आवडावं म्हणून फाडला.

यादीत पहिले तुम्ही, आणि बाकीचे धावत पुढे गेल्यावर यंत्रातून तुमच्या हातात आलं त्रेचाळीस. टोकन माझ्या टेबलावर ठेवलंत, टोपी घातलीत आणि लंगडत चालू लागलात. दोन शिव्या घातल्या असत्यात तर बरं झालं असतं.

त्या दिवशी तसे अकरा जण गेले. आणि गंमत सांगते — गंमत कसली — जे निघून जातात ना, त्यांना मोजतच नाहीत. त्यामुळे लोकांना थांबावं लागण्याचा वेळ चार तासांवरून पन्नास मिनिटांवर आला. कागदावर. आज अकराला बड्या मंडळींसमोर मी तेच दाखवणार आहे. मॅडम म्हणाल्यात, नोकरी तुझीच समज. आईला सांगूनसुद्धा बसलेय मी.

पण काल तुमची फाइल वाचली. साखर, जखम, दर मंगळवारी ड्रेसिंग, चुकवायचं नाही — खाली दोन रेघा मारल्यात डॉक्टरांनी. म्हणून म्हटलं, चला माझ्याबरोबर, यंत्रबिंत्र काही नाही, सरळ आत नेते. काय? जखम बरी आहे म्हणता? मग मिटलंच की, मग मी निर्धास्त अकराला — नाही, तसं नव्हतं म्हणायचं मला. तसंच म्हणायचं होतं. तुम्ही बरे आहात एवढं तुमच्या तोंडून ऐकलं की तो आकडा खुशाल दाखवता येईल, त्यासाठीच आले मी. तुम्हाला न्यायला नाही. लाज वाटते, पण खरं ते हेच आहे.

मोजा कशाला काढताय? राहू द्या, मी काही नर्स नाही, मला त्यातलं —

कधीपासून आहे हा अंगठा असा काळा? रविवारपासून? आणि दुखत नाही? अजिबात नाही?

मॅडमचाच फोन आहे, वाजू दे. कप राहू द्या तिथंच. हात द्या इकडे, सगळा भार माझ्यावर टाका — चप्पल नको, असेच गाडीपर्यंत. नाही, आता काही बोलत नाही मी. चला.